‘कात्युशा’ : संहारक अस्त्राला मुलीचे नाव कसे मिळाले?

पश्चिम आशियातील संघर्षाच्या बातम्यांत ‘कात्युशा रॉकेट’ हा शब्दप्रयोग गेली अनेक दशके नित्याचा झाला आहे. लेबनॉनच्या सीमेवरून डागलेली रॉकेटे असोत अथवा इराकमधील लष्करी तळांवर झालेले हल्ले असोत, वृत्तसंस्थांच्या मजकुरात हे नाव वारंवार येते. वाचकाला ते एखाद्या शास्त्रज्ञाचे, कारखान्याचे किंवा गावाचे नाव वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ‘कात्युशा’ हे रशियन घराघरांत उच्चारले जाणारे मुलीचे लाडाचे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैनिकांनी ते एका नव्या अग्निबाण प्रक्षेपकाला दिले. कोणत्याही सरकारी आदेशात न आलेले हे नाव आज त्या अस्त्राच्या अधिकृत नावापेक्षा कितीतरी अधिक परिचित आहे.

हे नाव नेमके कशावरून पडले, याविषयी एकाहून अधिक मते आहेत. त्या मतांचा मागोवा घेताना एका अस्त्राचा इतिहास तर उलगडतोच, शिवाय युद्धकाळात कोणती नावे लोकांच्या ओठांवर राहतात आणि कोणती कागदावरूनही पुसली जातात, हेही ध्यानात येते.

नावाचा अर्थ

रशियन भाषेत ‘येकातेरिना’ हे स्त्रीनाम फार प्रचलित आहे. घरात त्याचे ‘कात्या’ होते आणि जिव्हाळा अधिक असला की ‘कात्युशा’. आपल्याकडे यमुनेची यमू किंवा गोदावरीची गोदू व्हावी, तसाच हा प्रकार. ‘उशा’ हा प्रत्यय पुरुषांच्या नावांनाही लागतो. इव्हानचा ‘वान्या’ आणि पुढे ‘वान्युशा’ होतो, तर आंद्रेईचा ‘आंद्र्युशा’. टॉल्स्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीची नायिका कात्युशा मास्लोवा हिच्यामुळे भारतीय वाचकांनाही हे नाव पूर्वीपासून ठाऊक आहे.

अस्त्राला स्त्रीचे नाव देण्यामागे भाषेचाही थोडा हातभार आहे. रशियन भाषेत तोफ, बंदूक आणि वाहन या तिन्ही वस्तूंसाठीचे रूढ शब्द स्त्रीलिंगी आहेत. मराठीतही तोफ आणि बंदूक ‘ती’च असते. बोलताना अस्त्राचा उल्लेख ‘ती’ असा होऊ लागला की त्याला बाईचे नाव चिकटायला फार वेळ लागत नाही. जगभर अशी उदाहरणे आहेत. पहिल्या महायुद्धातील जर्मनीची ४२० मिलिमीटरची प्रचंड तोफ ‘बिग बर्था’, म्हणजे ‘थोरली बर्था’, या नावाने प्रसिद्ध झाली आणि ते नाव क्रुप या शस्त्रनिर्मात्या घराण्याच्या वारसदार बर्था क्रुप यांच्याशी जोडले गेले. तोफांना नावे देण्याची प्रथा आपल्या मुलखालाही नवी नाही. विजापूरची ‘मुलुख मैदान’ आणि जंजिऱ्याची ‘कलाल बांगडी’ ही नावे मराठी वाचकाला सांगावी लागत नाहीत.

तरीही कात्युशाचे प्रकरण निराळे आहे. बर्था ही अजस्र तोफेला शोभणारी भारदस्त बाई वाटते. कात्युशा मात्र कोवळ्या वयाची मुलगी आहे, आणि तिचे नाव ज्या यंत्राला मिळाले ते काही सेकंदांत एखादा परिसर भाजून काढणारे होते.

आधी अस्त्र आले, नाव नंतर

सोव्हिएत संघात घन इंधनावर चालणाऱ्या लष्करी अग्निबाणांचे संशोधन १९२०च्या दशकात सुरू झाले. निकोलाय तिखोमिरोव या अभियंत्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली प्रयोगशाळा पुढे लेनिनग्राडमध्ये ‘वायुगतिकी प्रयोगशाळा’ म्हणून नावारूपाला आली. धूररहित दारूवर चालणाऱ्या अग्निबाणाची यशस्वी चाचणी तेथील संशोधकांनी १९२८ मध्ये घेतली. १९३३ मध्ये या प्रयोगशाळेचे आणि मॉस्कोतील दुसऱ्या एका गटाचे एकत्रीकरण होऊन अग्निबाण संशोधन संस्था स्थापन झाली. इव्हान क्लेयम्योनोव तिचे प्रमुख होते आणि जॉर्जी लांगेमाक हे मुख्य अभियंता म्हणून काम पाहत होते. ८२ आणि १३२ मिलिमीटर व्यासाचे अग्निबाण या संस्थेत आकाराला आले. प्रारंभी ते विमानांसाठी होते आणि १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर, खालखिन गोल येथील लढाईत, सोव्हिएत लढाऊ विमानांनी जपानी विमानांविरुद्ध त्यांचा वापर केला.

तोच अग्निबाण जमिनीवरून, मालमोटारीवरून डागण्याची कल्पना पुढे प्रत्यक्षात आली. ‘बीएम-१३’ हे त्या प्रक्षेपकाचे तांत्रिक नाव. त्यातील ‘बीएम’ म्हणजे ‘युद्धवाहन’ या अर्थाच्या रशियन शब्दांची आद्याक्षरे, तर १३ हा आकडा १३२ मिलिमीटरच्या बाणाशी जोडलेला. तीन आसांच्या मालमोटारीवर आठ पोलादी रूळ तिरके बसवलेले असत. प्रत्येक रुळाच्या वर एक आणि खाली एक, याप्रमाणे एका गाडीवर १६ अग्निबाण मावत. एका बाणाचे वजन सुमारे ४२ किलो आणि पल्ला सुमारे साडेआठ किलोमीटर. सगळे १६ बाण सात ते दहा सेकंदांत सुटत.

या रचनेचे बळ तिच्या साधेपणात होते. तोफेत दारूचा स्फोट नळीच्या आत होतो. तो दाब सोसण्यासाठी जाड पोलादी नळी लागते आणि मागे बसणारा हिसका झेलण्यासाठी भक्कम गाडा लागतो. अग्निबाणाचे इंधन त्याच्या स्वतःच्या पोटात जळते आणि तोच स्वतःला पुढे ढकलतो. त्यामुळे प्रक्षेपकाला हिसका जवळजवळ बसत नाही. हलके रूळ आणि साधी मालमोटार एवढ्यावर भागते. मोठ्या तोफा घडवणारी अवजड यंत्रे नसलेल्या कारखान्यांतही हे प्रक्षेपक तयार होऊ शकत होते, आणि युद्धकाळात ही सोय मोलाची होती.

दोषही तितकाच ठळक होता. शेपटीला पंख असलेला हा बाण वाऱ्याने भरकटत असे. ठरावीक बिंदूवर अचूक मारा त्याला शक्य नव्हता. म्हणून अनेक गाड्यांतून एकाच वेळी शेकडो बाण सोडून संपूर्ण परिसर झाकून टाकणे ही त्याची युद्धपद्धती ठरली. बाण सुटताच धूळ आणि धुराचे लोट उठत आणि गाड्यांची जागा शत्रूला कळे. त्यामुळे मारा करून तत्काळ ठिकाण सोडणे हा या तुकड्यांचा नियमच होता.

१७ जून १९४१ रोजी मॉस्कोजवळच्या सोफ्रिनो येथील चाचणी मैदानावर सोव्हिएत नेतृत्वापुढे या अस्त्राचे प्रात्यक्षिक झाले. २१ जून रोजी त्याच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले.

ओर्शा, १४ जुलै १९४१

प्रायोगिक स्वरूपात तयार असलेल्या सात गाड्यांची पहिली तुकडी कॅप्टन इव्हान फ्ल्योरोव यांच्या नेतृत्वाखाली जुलैच्या आरंभी मॉस्कोहून पश्चिमेकडे निघाली. गाड्यांवर ताडपत्री टाकलेली असे. अस्त्र शत्रूच्या हाती पडण्याची वेळ आली तर गाडी उडवून देता यावी म्हणून प्रत्येक गाडीत स्फोटके ठेवली होती. सैनिकांनाही आपल्या अस्त्राविषयी बाहेर बोलण्याची मनाई होती.

१४ जुलै १९४१ रोजी दुपारी या तुकडीने आजच्या बेलारूसमधील ओर्शा येथील रेल्वे जंक्शनवर पहिला मारा केला. पूर्ण भरलेल्या सात गाड्या म्हणजे ११२ अग्निबाण.  त्यानंतर स्मोलेन्स्क प्रांतातील रूद्न्या परिसरातही या तुकडीने मारा केला. हे ठिकाण पुढे पुन्हा आपल्या वृत्तान्तात येणार आहे, कारण नावाचा एक धागा स्मोलेन्स्कपर्यंत जातो.

नवे अस्त्र आघाडीवर पोहोचले होते. मात्र सामान्य सैनिकाला त्याचे नाव माहीत नव्हते. गुप्ततेमुळे ‘बीएम-१३’ हे तांत्रिक नाव फार थोड्यांपर्यंत गेले. ऑगस्ट १९४१ पासून उभारल्या गेलेल्या नियमित तुकड्यांनाही ‘गार्ड उखळी तोफ दल’ असेच संबोधले गेले. या नावात अग्निबाणाचा उल्लेखही नव्हता. रोज डोळ्यांदेखत दिसणारी, कानठळ्या बसवणारी आणि तरीही निनावी अशी वस्तू सैनिकांसमोर होती. टोपणनाव जन्माला येण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती कोणती असणार?

नाव कोठून आले?

पहिली उपपत्ती एका अक्षराची आहे. वोरोनेझ येथील ‘कोमिन्तेर्न’ कारखान्यात हे प्रक्षेपक बनत आणि त्या कारखान्याचे चिन्ह म्हणून गाडीवर ‘क’ हे अक्षर असे. गाडीवरील या ‘क’ अक्षराचा सैनिकांनी ‘कात्युशा’ असा विस्तार केला, असे ही उपपत्ती मानते. लष्करात आद्याक्षरांशी खेळण्याची सवय सर्वत्र आढळते. याच अग्निबाणांच्या ‘आरएस’ या संक्षेपावरून सैनिकांनी ‘राइसा सेर्गेयेव्ना’ असे बाईचे नाव तयार केल्याचेही सांगितले जाते. त्यामुळे ही उपपत्ती अगदीच दूरची वाटत नाही.

दुसरी उपपत्ती अस्त्राच्या तांत्रिक वर्णनातील शब्दांची आद्याक्षरे जुळवून ‘कात’ हा उच्चार काढू पाहते. अशा व्युत्पत्ती बहुधा नाव रूढ झाल्यानंतर मागाहून रचल्या जातात. गुप्त कागदांतील तांत्रिक शब्द खंदकातील सैनिकापर्यंत पोहोचले आणि त्याने त्यातून नाव घडवले, हे पटणे कठीण आहे.

तिसरी आणि सर्वाधिक स्वीकारली गेलेली उपपत्ती एका गाण्याची आहे. १९३८ मध्ये संगीतकार मातवेय ब्लान्तेर आणि कवी मिखाईल इसाकोव्स्की यांनी ‘कात्युशा’ नावाचे गीत रचले. युद्ध सुरू होईपर्यंत ते देशभर लोकप्रिय झाले होते. नदीच्या उंच काठावर आलेली एक मुलगी दूर सीमेवर पहाऱ्यावर असलेल्या आपल्या प्रियकरासाठी गाते, त्याची पत्रे जपून ठेवते आणि त्याने मातृभूमी राखावी, आपण प्रेम राखू, असे मनोमन ठरवते, हा त्या गीताचा आशय. फळझाडांचा बहर आणि नदीवरचे धुके ही त्याची पार्श्वभूमी. इसाकोव्स्की हे स्मोलेन्स्क प्रांताचे सुपुत्र. ज्या प्रदेशातून हे गाणे लिहिणारा कवी आला, त्याच प्रदेशाच्या रक्षणासाठी कात्युशाने आपले पहिले मारे केले, हा इतिहासाने जुळवून आणलेला योगायोग.

गाणे आणि अस्त्र यांचा सांधा कसा जुळला असावा, हे समजणे अवघड नाही. गाण्यातील मुलगी आपला आवाज दूरवर, सीमेपलीकडे पाठवते. अस्त्रही आपला आवाज दूरवर पाठवत होते. बाण सुटताना होणारा लांबलचक चिरका नाद सैनिकांना ‘गाणे’ वाटला. या तुकड्यांत ‘फायर’ऐवजी ‘गा’ किंवा ‘वाजव’ असे आदेश दिले जात, अशीही आख्यायिका आहे. पुढे याच चालीवर आघाडीवरील सैनिकांनी आपापली गाणी रचली. त्यांपैकी कित्येकांत कात्युशा ही नदीकाठची मुलगी राहिली नव्हती. ती शत्रूला ‘गाणे ऐकवणारी’ तोफ झाली होती. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी अशा अनेक रचना टिपून ठेवल्या आहेत.

या उपपत्तींपैकी कोणतीही एक निवडलीच पाहिजे, असे नाही. गाडीवरील ‘क’ अक्षराने कोणाला तरी नाव सुचवले असेल. मात्र रशियन भाषेत ‘क’पासून सुरू होणारी नावे पुष्कळ आहेत. त्यांतून ‘कात्युशा’च का निवडली गेली आणि एका तुकडीतून दुसऱ्या तुकडीत जात काही महिन्यांत संपूर्ण आघाडीवर का पसरली, याचे उत्तर अक्षराजवळ नाही. ते गाण्याजवळ आहे. जे नाव लाखो सैनिकांच्या ओठांवर आधीपासूनच होते, त्याला केवळ एक धनी हवा होता.

सैनिकांच्या मनःस्थितीचाही यात वाटा आहे. १९४१चा उन्हाळा आणि शरद ऋतू सोव्हिएत सैन्यासाठी माघारीचा, वेढ्यांचा आणि प्रचंड जीवितहानीचा होता. घर दूर राहिले होते आणि कित्येकांचे गाव शत्रूच्या ताब्यात गेले होते. अशा वेळी डोक्यावरून शत्रूकडे झेपावणाऱ्या अग्निबाणांना वाट पाहणाऱ्या मुलीचे नाव देणे, हा घरची आठवण जवळ ठेवण्याचा एक मार्ग होता.

समोरच्या बाजूने ऐकू आलेले नाव

तोच आवाज जर्मन सैनिकांना निराळा ऐकू आला. त्यांनी या अस्त्राला ‘स्टालिनऑर्गेल’, म्हणजे ‘स्टालिनचा ऑर्गन’, हे नाव दिले. ऑर्गन म्हटले की मराठी माणसाला संगीत नाटकातील, पायाने भाता चालवून वाजवायचा, गायकाला साथ देणारा ऑर्गन आठवतो. जर्मन सैनिकाच्या मनात मात्र चर्चमधील भिंतभर उभ्या नळ्यांचा महाकाय ऑर्गन होता. रुळांवर ओळीने मांडलेले बाण त्या नळ्यांसारखे दिसत आणि ते सुटताना उठणारा घुमता, चढत जाणारा नाद वास्तूला कंप आणणाऱ्या त्या वाद्याची आठवण करून देई.

एकाच अस्त्राची ही दोन नावे शेजारी ठेवली की युद्धातील अंतर लक्षात येते. ज्यांच्या बाजूने बाण सुटत होते त्यांना त्यात ओळखीच्या मुलीचे गाणे ऐकू आले. ज्यांच्यावर ते पडत होते त्यांना शत्रूच्या हुकूमशहाने वाजवलेले वाद्य ऐकू आले. दोन्ही नावे संगीतातून आली आहेत आणि दोन्ही नावे कानांनी दिली आहेत. या अस्त्राचा मनावर होणारा परिणाम त्याच्या प्रत्यक्ष विध्वंसाइतकाच मोठा होता, याची ती साक्ष आहेत.

जर्मनांकडेही अग्निबाण होते. सहा नळ्यांच्या त्यांच्या प्रक्षेपकाचे अधिकृत नाव ‘नेबेलवेर्फर’, म्हणजे ‘धुके फेकणारे यंत्र’. धुराचे पडदे उभारणाऱ्या दलाच्या नावाआड स्फोटक अग्निबाणांचा कार्यक्रम झाकला गेला. एका देशाने अग्निबाणाला उखळी तोफ म्हटले आणि दुसऱ्याने धुक्याचे यंत्र. सरकारी नावांचे काम सांगण्याचे नव्हते, लपवण्याचे होते. सैनिकांनी मात्र दोन्हींची खरी ओळख आपल्या नावांतून उघड केली. सोव्हिएत सैनिक या जर्मन प्रक्षेपकाला ‘वान्युशा’ म्हणत, जणू तो कात्युशाचा विरुद्ध पक्षातील जोडीदार. त्याच्या कर्कश आवाजामुळे त्याला ‘गाढव’ही म्हटले जाई. ब्रिटिश सैनिकांनी त्याचे नाव ‘मोनिंग मिनी’, म्हणजे ‘कण्हणारी मिनी’, असे ठेवले. सोव्हिएत संघाने पुढे ३०० मिलिमीटरचे अधिक जड अग्निबाण आणले, तेव्हा कात्युशाला ‘आंद्र्युशा’ हा भाऊ मिळाला.

युद्ध जसजसे पुढे सरकले, तसतशी कात्युशांची संख्या वाढत गेली. युद्धकाळात सर्व प्रकारचे मिळून दहा हजारांहून अधिक प्रक्षेपक तयार झाल्याचे मानले जाते. स्टालिनग्राडच्या प्रतिहल्ल्यापासून बर्लिनच्या लढाईपर्यंत त्यांचा सर्वत्र वापर झाला. १९४३ नंतरचे पुष्कळसे प्रक्षेपक अमेरिकेकडून युद्धसाहाय्य म्हणून आलेल्या ‘स्टुडबेकर’ मालमोटारींवर बसवलेले होते. रशियन मुलीचे नाव मिरवणारे हे अस्त्र अमेरिकी चाकांवरून बर्लिनला पोहोचले.

ज्यांची नावे मागे पडली

कात्युशा हे नाव घरोघरी पोहोचत असताना तिला घडवणाऱ्यांची नावे घेण्यास मात्र बंदी होती. स्टालिनच्या दमनसत्रात २ नोव्हेंबर १९३७ रोजी क्लेयम्योनोव आणि लांगेमाक या दोघांनाही अटक झाली. जानेवारी १९३८ मध्ये, अवघ्या एका दिवसाच्या अंतराने, त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. ज्या बाणांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, ते ओर्शावर पडताना पाहण्यास दोघेही हयात नव्हते. त्याच संस्थेतील सेर्गेई कोरोल्योव यांनाही १९३८ मध्ये अटक होऊन कोलिमाच्या श्रमछावणीत पाठवले गेले. ते वाचले आणि पुढे पहिला कृत्रिम उपग्रह व युरी गागारिन यांचे अंतराळयान यांच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी केले.

संस्थेची सूत्रे नंतर हाती आलेल्या आंद्रेई कोस्तिकोव यांना जुलै १९४१ मध्ये ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब मिळाला आणि दीर्घकाळ सोव्हिएत ग्रंथांत कात्युशाचे जनक म्हणून त्यांचाच उल्लेख होत राहिला. क्लेयम्योनोव आणि लांगेमाक यांच्यावरील आरोप १९५५ मध्ये रद्द झाले. तोच किताब त्यांना मरणोत्तर देण्यात आला तो जून १९९१ मध्ये, म्हणजे सोव्हिएत संघाचे विघटन होण्यापूर्वी जेमतेम सहा महिने.

पहिला मारा करणाऱ्या कॅप्टन फ्ल्योरोव यांच्या वाट्यालाही विलंबच आला. ऑक्टोबर १९४१ मध्ये व्याझ्मा परिसरात सोव्हिएत सैन्याला मोठा वेढा पडला. ७ ऑक्टोबरच्या रात्री बोगातिर गावाजवळ त्यांची तुकडी शत्रूच्या कचाट्यात सापडली. आदेशाप्रमाणे प्रक्षेपक उडवून देण्यात आले आणि फ्ल्योरोव तेथेच मृत्युमुखी पडले. त्यांना मरणोत्तर पदक १९६३ मध्ये मिळाले आणि ‘रशियन महासंघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब १९९५ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ५४ वर्षांनी. तोवर कात्युशाची स्मारके अनेक शहरांत उभी राहिली होती.

गाण्याचा प्रवास मात्र सीमा ओलांडत राहिला. इटलीतील फॅसिस्टविरोधी गनिमांसाठी फेलिचे काशोने या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये याच चालीवर नवे शब्द लिहिले. ते गीत इटलीच्या प्रतिकार चळवळीचे एक प्रमुख गीत ठरले. काशोने स्वतः जानेवारी १९४४ मध्ये मारला गेला.

विशेषनामाचे सामान्यनाम

युद्ध संपल्यावर मूळ कात्युशाची जागा नव्या प्रक्षेपकांनी घेतली. १९६०च्या दशकात सोव्हिएत सैन्यात आलेला ‘बीएम-२१’ हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. १२२ मिलिमीटरचे ४० बाण सुमारे २० सेकंदांत सोडणाऱ्या या प्रक्षेपकाचे अधिकृत नाव ‘ग्राद’, म्हणजे ‘गारपीट’. बाण, रूळ, नळ्या आणि वाहन हे सगळे बदलले, तरी बातम्यांतील जुने नाव गेले नाही. आज लहान पल्ल्याच्या, दिशादर्शन नसलेल्या बहुतेक कोणत्याही रॉकेटला ‘कात्युशा’ म्हटले जाते. चिनी बनावटीचे १०७ मिलिमीटरचे रॉकेटही त्यातून सुटलेले नाही, जरी त्याचा ओर्शावर पडलेल्या बाणांशी थेट संबंध नाही.

म्हणून ‘कात्युशा’ हा शब्द बातमीत वाचताना एक भेद ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. तो शब्द विशिष्ट अस्त्राचे नाव सांगत नाही. तो अस्त्राचा प्रकार सांगतो. त्या प्रकाराचे मूळ लक्षण आजही तेच आहे. तो परिसरावर पडतो, बिंदूवर पडत नाही. १९४१ मध्ये शत्रूच्या सैन्याच्या जमावावर मारा करण्यासाठी हा दोष चालून गेला. वस्तीच्या दिशेने सोडल्यावर तोच दोष घरे, शाळा आणि रस्त्यावरची माणसे यांच्या जिवावर बेततो. २००६ मध्ये लेबनॉन आणि इस्रायल यांच्या सीमेवर झालेल्या ३४ दिवसांच्या युद्धात उत्तर इस्रायलवर सुमारे चार हजार रॉकेटे पडली. त्यांतील बहुसंख्य याच प्रकारची होती आणि मृतांत सामान्य नागरिकही होते. लाडक्या नावाने अस्त्राचा स्वभाव बदलत नाही.

आपल्याकडील ‘बाण’

अग्निबाणाचे युद्ध भारतीय उपखंडाला नवे नव्हते. मराठी बखरींत आणि ऐतिहासिक कागदपत्रांत तोफा व बंदुकांच्या जोडीने येणारा ‘बाण’ हा शब्द अनेकदा धनुष्याचा बाण नसून दारूने उडणारा अग्निबाण असतो. दिवाळीत मुले उडवतात त्या बाणाच्या नावात तीच स्मृती टिकून आहे. म्हैसूरच्या हैदर अली व टिपू सुलतान यांच्या सैन्याने लोखंडी नळीचे अग्निबाण इंग्रजांविरुद्ध परिणामकारकपणे वापरले आणि त्यांच्याच अभ्यासातून विल्यम काँग्रीव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रॉकेटे विकसित केली.

भारतीय लष्कराने पुढे सोव्हिएत ‘ग्राद’ स्वीकारले. त्यानंतर स्वदेशी बनावटीचा बहुनळी प्रक्षेपक तयार झाला, तो मुख्यतः पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळांत. १९९९च्या कारगिल संघर्षात त्याचा वापर झाला. त्याचे नाव ‘पिनाक’, म्हणजे शंकराचे धनुष्य. बाण सोडणाऱ्या यंत्राला धनुष्याचे नाव, असा हा अन्वर्थक विचार आहे. पिनाक हे नाव प्रकल्पाबरोबर, विचारपूर्वक दिले गेले. कात्युशा हे नाव कोणीही ठरवून दिले नाही.

युद्धातील अधिकृत नावे आदेशाने जन्माला येतात आणि आदेशानेच बदलतात. ‘गार्ड उखळी तोफ दल’ हे नाव आज अभ्यासकांपुरते उरले आहे आणि ‘बीएम-१३’ हा संक्षेप संग्रहालयातील पाटीवर. कात्युशा मात्र बातम्यांत, स्मारकांवर आणि गाण्यात अजून आहे. तिच्यामागे उभे असलेले क्लेयम्योनोव, लांगेमाक आणि फ्ल्योरोव यांची नावे इतिहासाने उशिरा का होईना परत केली. पुढच्या वेळी बातमीत ‘कात्युशा’ हा शब्द येईल तेव्हा नदीकाठच्या मुलीबरोबर या तिघांचेही स्मरण व्हावे, आणि तो बाण ज्यांच्या वस्तीवर पडला त्यांचेही.